जुळे आणि जुळणी : एका यांत्रिक संकल्पनेचा इतिहास

छापखान्यात खिळे लावणारा तो जुळारी आणि यंत्रशाळेत सुटे भाग एकत्र बसविण्याचे काम ती जुळणी. ‘जुळे’ हा शब्दही याच कुळातला. आज ज्याला ‘डिजिटल ट्विन’, म्हणजेच संगणकीय जुळे, म्हणतात, त्याचा जुळणीशी असलेला संबंध मात्र केवळ शब्दसाम्याचा नाही. तो कसा घडत गेला, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पूर्वी विमानाचे भाग एकमेकांत बसतात की नाही, हे ठरविण्यासाठी पूर्णाकृती प्रतिकृती उभारीत. बोइंग ७७७ या विमानाची संपूर्ण आखणी संगणकावर झाली. १२ जून १९९४ रोजी ते प्रथम उडाले. त्याच्या पहिल्या जुळणीत आदर्श रेषेपासूनचा फरक केवळ ०.०२३ इंच होता; एरवी तो अर्ध्या इंचापर्यंत चालत असे.

तथापि, यावरून अचूक आराखडा म्हणजेच अचूक जुळणी, असे अनुमान काढणे युक्त होणार नाही. बोइंग ७८७ चीही आखणी संगणकावरच झाली होती. तरी २००७ मध्ये पहिल्या विमानाच्या दोन खंडांच्या सांध्यात सुमारे ०.३ इंचाची फट आढळली. आराखडा वस्तू कशी असावी हे सांगतो. ती प्रत्यक्षात कशी झाली, हे त्याला ठाऊक नसते.

ही उणीव भरून काढणारा विचार मायकेल ग्रीव्ह्‌ज यांनी २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात मांडला. प्रत्यक्ष वस्तू, तिची संगणकातील प्रतिमा आणि दोहोंमधील माहितीचा प्रवाह, ही त्याची तीन अंगे होत. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव २०१० च्या सुमारास ‘नासा’च्या जॉन व्हिकर्स यांच्यामुळे रूढ झाले. या पद्धतीत प्रत्येक भाग मोजून त्याची जुळणी आधी संगणकात करतात. फट कोठे व किती राहील ते कळते आणि तीत घालावयाची शिम त्याच मापाची अगोदरच घडविता येते.

नागपुरास हा प्रश्न परका नाही. मिहानमधील टाल कंपनीच्या कारखान्यात बोइंग ७८७ च्या तळाच्या तुळया तयार झाल्या. त्याच परिसरात २७ ऑक्टोबर २०१७ रोजी दासो-रिलायन्सच्या कारखान्याची कोनशिला बसविली गेली व तेथे फाल्कन २००० विमानाचे भाग होऊ लागले. जुळाऱ्याच्या हाताखाली सारे खिळे असत. येथील कारागिराला मात्र आपला भाग ज्या सांध्यात बसावयाचा, तो सांधा दिसत नव्हता. त्याच्या वतीने मोजमापाची नोंदच तेथवर जात असे.

जून २०२५ मध्ये फाल्कन २००० ची संपूर्ण जुळणी नागपुरात करण्याची घोषणा झाली. अशा वेळी या नोंदी केवळ तपासनिसाच्या शिक्क्यापुरत्या ठेवणे परवडणारे नाही. फरक का पडला, याचे ज्ञान जेथे जुळे सांभाळले जाते तेथेच साठत जाते. जुळणी येथे आली आणि जुळे दूर राहिले, तर हात आपले आणि समज दुसऱ्याची, अशी स्थिती होईल. म्हणून त्या नोंदी वाचण्याची व त्यांचा अर्थ लावण्याची विद्या येथील अभ्यासक्रमांत आणणे अगत्याचे आहे.