ट्रॅव्हलर (अल्बम)

केंटकीत वाढलेले गायक-गीतकार ख्रिस स्टेपलटन यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा पहिला एकल अल्बम मे २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. निर्माते डेव्ह कॉब यांच्यासह त्याचे बहुतांश ध्वनिमुद्रण नॅशव्हिलच्या ‘आरसीए स्टुडिओ ए’मध्ये झाले. ही वास्तू आदल्याच वर्षी पाडली जाता जाता वाचली होती. १४ गाण्यांपैकी १२ स्टेपलटन यांनी एकट्याने अथवा सहलेखकांसह लिहिली आहेत. शीर्षकगीत त्यांना वडिलांच्या निधनानंतर जीपने केलेल्या ॲरिझोना ते नॅशव्हिल या प्रवासात सुचले.

जॉर्ज स्ट्रेट, केनी चेस्नी, ल्यूक ब्रायन यांना लोकप्रिय गाणी देणाऱ्या या गीतकाराला स्वतःची ओळख मिळाली ती मात्र दुसऱ्यांच्या गाण्याने. डीन डिलन व लिंडा हारग्रोव्ह यांचे ‘टेनेसी व्हिस्की’ १९८१मध्ये डेव्हिड ॲलन को यांनी गायिले. १९८३मध्ये जॉर्ज जोन्स यांनी ते गाजवले. जोन्स यांचे गायन अस्सल कंट्री वळणाचे. स्टेपलटन यांनी लय संथ केली, स्वर ताणले आणि गाणे थेट सोल संगीताच्या अंगणात नेले. एटा जेम्स यांच्या ‘आय’ड रादर गो ब्लाइंड’ची आठवण अनेकांना झाली, ती उगाच नव्हे. याला केवळ ‘कव्हर’ म्हणणे अपुरे वाटते. दुसरे जुने गाणे, ‘वॉज इट ट्वेंटी सिक्स’, तुलनेने दुर्लक्षितच राहिले.

४ नोव्हेंबर २०१५ रोजी कंट्री म्युझिक असोसिएशनच्या सोहळ्यात स्टेपलटन यांनी जस्टिन टिंबरलेक यांच्यासह ‘टेनेसी व्हिस्की’ सादर केले. त्यानंतर, प्रकाशनाला सहा महिने उलटल्यावर, अल्बम बिलबोर्ड २०० यादीत अग्रस्थानी पोहोचला.