मिडी कळफलक व घरगुती ध्वनिमुद्रण

मिडी कळफलक : संगणकावरील ध्वनिमुद्रण-आज्ञावलीला स्वरांच्या व नियंत्रणाच्या सूचना पुरविणारे, पट्ट्यांनी युक्त असे साधन. बाह्यतः ते पेटी किंवा पियानो यांच्या पट्ट्यांसारखे दिसते. परंतु त्याच्या बहुतेक प्रकारांत स्वतःचा आवाज मुळीच नसतो. पट्टी दाबली असता ‘अमुक क्रमांकाचा स्वर, इतक्या जोराने, सुरू’ एवढाच अंकीय संदेश बाहेर पडतो. ती सोडली की ‘तो स्वर बंद’ असा दुसरा संदेश जातो. प्रत्यक्ष नाद निर्माण करण्याचे काम संगणकातील आज्ञावली करते. ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘मिडी’ ही संज्ञा रूढ झाली. वाजविण्याची कृती आणि तिच्यातून निघणारा नाद यांची फारकत हा या साधनाच्या इतिहासाचा गाभा होय. ध्वनिमुद्रण घराच्या एका खोलीत येऊ शकले ते या फारकतीमुळे; आणि भारतीय संगीताला या साधनाशी जुळवून घेताना ज्या अडचणी आल्या, त्यांचे मूळ ‘वाजविणे’ या कृतीची जी व्याख्या प्रारंभी स्वीकारली गेली तिच्यात आहे.

पूर्वपीठिका : नादाऐवजी वादनकृती नोंदवून ठेवण्याची कल्पना जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या स्वयंचलित पियानोत कागदाच्या गुंडाळीवरील छिद्रे कोणती पट्टी केव्हा खाली जावी हे ठरवीत. सिंथेसायझर म्हणजे इलेक्ट्रॉनिक मंडलांच्या साहाय्याने नाद निर्माण करणारे वाद्य. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून बनविलेल्या या वाद्यांत स्वराची उंची विद्युत् दाबाने नियंत्रित होई. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढे. कॉर्ग व यामाहा या जपानी कंपन्यांच्या काही वाद्यांत मात्र दाब व कंप्रता यांचे नाते निराळे होते. त्यामुळे एका कंपनीच्या पट्ट्यांवरून दुसऱ्या कंपनीचे वाद्य सुरात वाजविणे दुष्कर ठरे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाद्यांत सूक्ष्मप्रक्रियक बसविले जाऊ लागले आणि अंकीय संदेश पाठविणे सुलभ झाले. पण प्रत्येक कंपनीने आपापली जोडणी काढल्याने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला.

या अवस्थेचे एक उदाहरण मुंबईत आढळते. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीचे ‘ज्युपिटर-८’ हे सिंथेसायझर, ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र व ‘टीबी-३०३’ हे खर्ज स्वरांचे यंत्र वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. यांपैकी तालयंत्र व खर्जयंत्र यांची लय परस्परांशी बांधता येई, ती रोलँडच्या स्वतःच्या जोडणीमुळे. एकाच घराण्यातील यंत्रे एकमेकांशी बोलत. परक्या यंत्राशी त्यांचे संभाषण होत नसे. त्या काळी या ध्वनिमुद्रिकेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर तिला जगभर श्रोते लाभले.

समान संकेताची निर्मिती : रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी (१९३०–२०१७) यांनी १९८१ मध्ये अमेरिकन निर्माते टॉम ओबरहाइम यांच्यापुढे समान जोडणीची कल्पना मांडली. पुढे या चर्चेत कॅलिफोर्नियातील सीक्वेन्शल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ (१९५०–२०२२) सामील झाले. स्मिथ व त्यांचे सहकारी चेट वूड यांनी त्याच वर्षी ध्वनिअभियंत्यांच्या संस्थेपुढे या विषयावर एक निबंध सादर केला. अमेरिकेतील बहुतेक निर्मात्यांचा प्रतिसाद थंड होता. जपानमधील रोलँड, यामाहा, कॉर्ग व कावाई या कंपन्यांनी मात्र योजना उचलून धरली आणि स्मिथ यांच्याशी विचारविनिमय करून तिला आकार दिला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲनहाइम येथे वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शलचे ‘प्रॉफेट-६००’ व रोलँडचे ‘ज्युपिटर-६’ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका साध्या तारेने जोडण्यात आली. एकाच्या पट्ट्या दाबताच दुसरे वाजू लागले. मानकाचा तपशीलवार मसुदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या वापरासाठी कोणाकडूनही स्वामित्वशुल्क आकारावयाचे नाही, असे ठरले. बाजारपेठेत एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्यांनी असा निर्णय घ्यावा, हे उद्योगाच्या इतिहासात विरळाच म्हटले पाहिजे. या कार्याबद्दल काकेहाशी व स्मिथ यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

मानकाची रचना काटकसरीची होती, कारण स्वस्त वाद्यातही ती बसविता यावी असा आग्रह होता. पाच टाचण्यांची बाजारात सहज मिळणारी जोडणी निवडली गेली व तिच्यातील तीनच टाचण्या उपयोगात आणल्या गेल्या. वाद्यांमध्ये प्रत्यक्ष विद्युत् संपर्क राहू नये म्हणून संदेश ग्रहण करण्याच्या बाजूस प्रकाशाच्या द्वारे संकेत पुढे नेणारा घटक घातला गेला. संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट एवढा ठरला. एका स्वराचा संदेश तीन गटांचा व प्रत्येक गट आद्यन्त खुणांसह दहा बिटांचा असल्याने तो पोहोचण्यास सुमारे एक मिलिसेकंद लागतो. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक मिळाले, पियानोच्या मध्यभागीचा ‘सी’ हा ६० वा. आघाताचा जोरही तेवढ्याच पायऱ्यांत मोजला जाऊ लागला. एका तारेतून सोळा स्वतंत्र वाहिन्यांचे संदेश जाऊ शकत. हा वेग अपुरा आहे, अशी टीका प्रारंभापासून झाली व ती सर्वस्वी निराधार नव्हती. तथापि अधिक वेगवान व महाग जोडणी त्या वेळी सर्वांनी स्वीकारली असती, असे वाटत नाही.

घरगुती ध्वनिमुद्रणात प्रवेश : घरी अनेक पदरांचे ध्वनिमुद्रण करण्याची सोय १९७९ मध्ये टीॲक कंपनीच्या चार पदरी कॅसेट-यंत्राने झाली होती. परंतु फितीवर चुकलेला एक स्वर दुरुस्त करावयाचा म्हणजे तो भाग पुन्हा वाजविणे भाग असे. मिडीच्या नोंदीत हाच स्वर केवळ एका अंकाचा फेरफार करून बदलता येतो. लय वाढविली तरी स्वर चढत नाही. सतारीसाठी वाजविलेली ओळ बासरीच्या नादात ऐकता येते. त्या वेळच्या संगणकांना ही पद्धत मानवली, याचे कारण स्मरणशक्तीच्या हिशेबात आहे. सीडीच्या दर्जाचे एक मिनिट ध्वनिमुद्रण सुमारे एक कोट बाइट जागा घेते, तर संपूर्ण गीताच्या वादनसूचना काही हजार बाइटांत मावतात. १९८५ मध्ये आलेल्या ‘अटारी ५२० एसटी’ या संगणकाची स्मृती अवघी ५१२ किलोबाइट होती. नाद साठविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते; सूचना साठविणे सहज जमण्यासारखे होते. या संगणकाला मिडीच्या जोडण्या मुळातच बसविलेल्या असल्याने तो संगीतकारांत विशेष प्रिय झाला. ‘केकवॉक’ (१९८७) व ‘क्यूबेस’ (१९८९) या आज्ञावल्या याच सुमाराच्या होत.

मात्र नाद अद्याप बाहेरच्या वाद्यांतूनच येई व अशी वाद्ये घेणे सर्वांना परवडत नसे. ही अट १९९० नंतरच्या दशकात गळून पडली. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये क्यूबेसला जोडता येतील अशा उपआज्ञावल्यांचे मानक आणले आणि १९९९ मधील सुधारणेनंतर अशा उपआज्ञावल्या मिडी संदेश स्वीकारून स्वतःच वाद्य बनू लागल्या. त्याच वर्षी यूएसबी जोडणीतून मिडी पाठविण्याचे नियम निश्चित झाले. संगणकाला एकच तार जोडावी, तीतूनच कळफलकाला वीज मिळावी व संदेशही जावेत, ही व्यवस्था त्यातून आली. ॲपल कंपनीची ‘गॅरेजबँड’ ही आज्ञावली २००४ मध्ये प्रसृत झाल्यावर हौशी मंडळींपर्यंत हे सारे पोहोचले.

आज्ञावलीचे नियंत्रण केवळ पट्ट्यांपुरते नसते. कळफलकावरील फिरत्या खुंट्या, सरकते दांडे, ठोके देण्याच्या गाद्या व पायपट्टी यांचे संदेश क्रमांकित असतात. उदाहरणार्थ, ७ हा आवाजाच्या पातळीचा, ११ हा अभिव्यक्तीचा व ६४ हा स्वर धरून ठेवणाऱ्या पायपट्टीचा क्रमांक होय. कोणती खुंटी आज्ञावलीतील कोणता घटक हलवील, हे वापरणारा स्वतः ठरवू शकतो. मुद्रण सुरू करणे, थांबविणे, मागे नेणे यांसाठीचे संदेश १९९२ मध्ये प्रमाणित झाले. नवशिक्याला सर्वांत जाच होतो तो विलंबाचा. संगणक नादाचे नमुने गटागटाने पुढे पाठवितो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरल्यास १,०२४ नमुन्यांचा गट सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर करतो व बोटाला तो जाणवतो. गट २५६ नमुन्यांचा केल्यास उशीर सुमारे ६ मिलिसेकंदांवर येतो, पण संगणकावरील भार वाढतो.

भारतीय संगीत आणि मिडी : मिडीने वादनाची व्याख्या पाश्चात्त्य पट्टीवाद्यावरून घेतली : ठरावीक उंचीचा स्वर, त्याचा आरंभ, आघाताचा जोर व अंत. गळ्याच्या किंवा सारंगीच्या संगीतात स्वराला असे काठ नसतात. मींड, गमक व कणस्वर यांत दोन स्वरांमधला प्रवास हाच आशय असतो. हा आक्षेप पेटीवर पूर्वीच घेण्यात आला होता. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला मज्जाव केला, त्यामागे हेही एक कारण होते. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग कल्पिल्यास षड्जापासून नैसर्गिक शुद्ध गंधार सुमारे ३८६ भागांवर येतो. समविभागी पट्टीत तो ४०० वर असतो. तंबोऱ्याशी तो खटकतो, ही गवयांची तक्रार कल्पित नव्हे. १९९२ मध्ये मिडीत स्वरांची जुळणी बदलण्याची तरतूद झाली, परंतु सर्व वाद्यांनी ती अंगीकारली नाही.

पेटीवादकाला आणखी एक गोष्ट नवी वाटते. पेटीत पट्टी जोराने दाबली म्हणून आवाज वाढत नाही. तो वाढतो भात्याने, आणि स्वर धरून ठेवलेला असतानाही त्याची लहानमोठी वळणे डाव्या हाताने घडविता येतात. मिडी कळफलकावर आघाताचा जोर एकदाच, स्वराच्या आरंभी मोजला जातो. म्हणून पेटीची लकब आणण्यासाठी आघाताची मोजणी स्थिर ठेवून ‘अभिव्यक्ती’चा संदेश सरकत्या दांड्याला किंवा पायपट्टीला जोडणे अधिक सयुक्तिक ठरते, भाता हाताकडून पायाकडे जातो इतकेच. मींडेसाठी स्वर वाकविण्याचे चाक असते. त्याच्या १६,३८४ पायऱ्या सूक्ष्मतेला पुरेशा आहेत. परंतु ते एका वाहिनीवरील सर्वच स्वरांना वाकविते. मींड घेतली की त्याच वाहिनीवर धरून ठेवलेला षड्जही हलतो, ही त्यातील खरी उणीव.

ती दूर करण्यासाठी प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देण्याची पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली. तीनुसार बनविलेल्या काही कळफलकांवर बोट आडवे सरकवून एकट्या स्वराला मींड देता येते. जानेवारी २०२० मध्ये मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीला मान्यता मिळाली. तीत आघाताच्या पायऱ्या १२८ वरून ६५,५३६ झाल्या, प्रत्येक स्वराची उंची निराळी सांगण्याची सोय आली आणि साधनांना परस्परांची क्षमता विचारून घेता येऊ लागली. अशी विचारणा करूनही उत्तर न आल्यास नवे साधन पहिल्या आवृत्तीच्या भाषेत बोलते. त्यामुळे १९८३ मधील सिंथेसायझर आजच्या ध्वनिमुद्रण-आज्ञावलीला जोडता येतो.