मोझेलकाठची बत्तीस मुले

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेक माणसांनी आयुष्यात एकदा तरी ‘मी कोण होणार?’ या विषयावर निबंध लिहिलेला असतो. शिक्षक तो तपासतात, शुद्धलेखनाच्या चुकांखाली तांबड्या रेघा ओढतात, दहापैकी सहा किंवा सात गुण देतात, आणि वर्ष संपले की वही रद्दीत जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला या रद्दीची हळहळ वाटावी अशीच ती असते. राजांच्या सनदा, तहनामे, जमाखर्चाच्या चोपड्या यांचे जतन होते. परंतु शाळेचा उंबरठा ओलांडणाऱ्या मुलांना स्वतःचा उद्याचा दिवस कसा दिसत होता, हे सांगणारा कागद क्वचितच मागे उरतो.

असा एक गठ्ठा जर्मनीतील ट्रियर या नगरीत उरला आहे. सन १८३५ च्या ऑगस्ट महिन्यात तेथील शाळेचा शेवटचा वर्ग परीक्षेस बसला. वर्गात बत्तीस विद्यार्थी होते. जर्मन भाषेच्या पेपरात त्या सर्वांना निबंधासाठी एकच विषय देण्यात आला: व्यवसायाची निवड करताना तरुणाच्या मनात येणारे विचार. आपल्या ‘मी कोण होणार?’चेच हे प्रौढ रूप म्हणावयाचे. त्या बत्तिसांपैकी एकाचा निबंध जगप्रसिद्ध झाला, कारण त्याखाली कार्ल मार्क्स अशी सही आहे. उरलेल्यांची नावे जग विसरले. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या एकाइतकेच त्या उरलेल्यांविषयीही बोलावयाचे आहे.

शहर आणि शाळा

ट्रियर हे मोझेल नदीच्या काठचे रोमन काळातील शहर. संत अँब्रोज यांचा जन्म चौथ्या शतकात याच नगरीत झाला, असे मानले जाते. प्रभू येशूचा पवित्र झगा म्हणून पूजिले जाणारे वस्त्र तेथील महामंदिरात आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सुमारे वीस वर्षे येथे फ्रेंचांचा अंमल होता. १८१५ मध्ये हा प्रदेश प्रशियाच्या राजाकडे गेला. प्रजा कॅथलिक आणि राजा प्रोटेस्टंट, असा तो मामला होता. गावची वस्ती बारा हजारांच्या आसपास. भोवतालच्या टेकड्यांवर द्राक्षाचे मळे.

शाळेचे मूळ सोळाव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंनी स्थापिलेल्या विद्यालयात आहे. सन १७७३ मध्ये येशूसंघ विसर्जित करण्यात आला. शाळा मात्र हस्तांतरित होत टिकून राहिली. अशा शाळेला जर्मनीत ‘जिम्नाझियम’ म्हणतात. येथे त्या शब्दाचा अर्थ तालीमखाना असा नाही. विद्यापीठात जाण्यापूर्वीची ती माध्यमिक शाळा होय.

१८३५ साली विटेनबाख नावाचे वृद्ध गृहस्थ मुख्याध्यापक होते. त्यांचा जन्म १७६७ चा. माणसाने विवेकाच्या प्रकाशात चालावे आणि मानवजातीच्या कल्याणासाठी झटावे, या विचारांवर त्यांचे पोषण झालेले होते. सरकारची वक्रदृष्टी मात्र शाळेवर वळलेली होती. १८३३ मध्ये पोलिसांनी शाळेची झडती घेतली, तेव्हा राजद्रोही समजली जाणारी भाषणे विद्यार्थ्यांपाशी सापडली आणि एका विद्यार्थ्याला अटकही झाली. पुढे विटेनबाखांच्या जोडीला लोर्स नावाचे सरकारनिष्ठ सहमुख्याध्यापक नेमले गेले. त्यांनी मुलांवर नजर ठेवावी, हा हेतू कोणापासून लपलेला नव्हता.

एका बाकावरची मुले

या वर्गात कोण होते? बहुसंख्य कॅथलिक होते, प्रोटेस्टंट मोजकेच. शेतकऱ्यांची आणि कारागिरांची मुले पुष्कळ होती, आणि त्यांतील अनेकजण धर्मगुरू होण्याच्या इच्छेने शिकत होते. त्यांपैकी बऱ्याच जणांचे शिक्षण शिष्यवृत्तीवर चालले होते. वयाने ती मुले मोठी होती. सतरा वर्षांचा मार्क्स हा सर्वांत लहानांपैकी एक. त्याचे वडील हाइनरिख मार्क्स हे नामांकित वकील. ते ज्यू घराण्यातले. वकिलीचा व्यवसाय चालू ठेवता यावा म्हणून त्यांनी प्रोटेस्टंट पंथाचा बाप्तिस्मा घेतला होता. मुलाचा बाप्तिस्मा १८२४ मध्ये झाला. त्याच वर्गात सरदार घराण्यातील एडगर फॉन वेस्टफालेन होता. त्याची बहीण जेनी पुढे मार्क्सची पत्नी झाली.

वकिलाचा मुलगा, सरदाराचा मुलगा आणि मळेवाल्याचा मुलगा एका वर्गात बसतात, हे शाळा नावाच्या संस्थेचे मोठेपण. परंतु शेजारी बसल्याने शेजारधर्म आपोआप उत्पन्न होत नाही, हेही तितकेच खरे.

मळेवाल्यांच्या घरची स्थिती त्या वर्षांत बिघडू लागली होती. मोझेलच्या द्राक्षारसाला प्रशियाच्या बाजारपेठेत जकातीचे संरक्षण होते, तोवर मळे वाढले, कर्जेही वाढली. १८३४ मध्ये जर्मन राज्यांचा जकातसंघ अस्तित्वात आला, दक्षिणेकडचा द्राक्षारस बाजारात उतरला आणि भाव कोसळले. म्हणजे ही मुले भविष्याचे निबंध लिहीत होती, त्याच काळात त्यांच्या वडिलांच्या पायांखालची जमीन सरकत होती.

उत्तरपत्रिकांतील स्वप्ने

मार्क्सच्या निबंधाचा आशय थोडक्यात असा: पशूला त्याचे कार्यक्षेत्र निसर्गाने आखून दिलेले असते, माणसाला मात्र निवड करावी लागते, झगमगाट पाहून ती करू नये, आपली प्रकृती आणि कुवत तपासावी, आणि ज्या कार्यात मानवजातीचे हित व स्वतःची पूर्णता ही दोन्ही एकत्र साधतात, ते कार्य पत्करावे. मध्येच एक वाक्य असे येते की, आपण निवड करू लागण्यापूर्वीच समाजातील आपले स्थान काही अंशी ठरून गेलेले असते. विटेनबाखांनी शेरा दिला की विचार विपुल आहेत, निबंध बराच चांगला आहे, परंतु अलंकारिक व असामान्य शब्दांच्या मागे लागण्याची याची खोड येथेही दिसते. असा शेरा लिहिणारे शिक्षक आमच्याही परिचयाचे आहेत.

मार्क्सचा निबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे संशोधकांनी वर्गमित्रांचे निबंधही उजेडात आणले, तेव्हा एक मनोरंजक गोष्ट लक्षात आली. मानवजातीचे कल्याण, आत्मपरीक्षण, बाह्य मोहांचा त्याग हे विचार एकट्या मार्क्सचे नव्हते. इतरांच्या लेखनातही ते थोड्याफार फरकाने आढळतात. एकाच गुरूने पेरलेले बी अनेक वाफ्यांत उगवले होते. मानवजातीसाठी जगण्याचे स्वप्न त्या दिवशी मळेवाल्याच्या मुलासही शक्य होते.

धर्माच्या पेपरात प्रोटेस्टंट विद्यार्थ्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायावर लिहावयाचे होते: द्राक्षवेल आणि तिचे फाटे, म्हणजेच ख्रिस्ताशी श्रद्धावंतांचे ऐक्य. मार्क्सने ते भक्तिभावपूर्ण भाषेत लिहिले. परीक्षक पाद्री क्युप्पर यांनी त्याच्या विचारसंपन्नतेची प्रशंसा केली. मात्र ते ऐक्य मुळात काय आहे हे सांगितलेलेच नाही, असेही नोंदविले. प्रमाणपत्रात ख्रिस्ती श्रद्धा व नीती यांचे त्याचे ज्ञान बरेच स्पष्ट असल्याची नोंद आहे. त्यानंतर नऊ वर्षांच्या आत धर्माविषयीचा त्याचा सुप्रसिद्ध प्रतिकूल अभिप्राय छापून निघाला.

निरोप

शाळा सोडताना शिक्षकांच्या घरी जाऊन निरोप घेण्याची तेथे रीत होती. मार्क्सने लोर्स यांच्याकडे जाण्याचे टाळले. नोव्हेंबर १८३५ मध्ये वडिलांनी बॉन येथे शिकणाऱ्या मुलास पत्र लिहिले: लोर्सना ती गोष्ट लागली आहे, तू आणि क्लेमेन्स असे दोघेच गेला नाहीत, आणि तुझी बाजू सावरण्यासाठी मला थोडे असत्य बोलावे लागले. कोणत्याही बापाच्या हृदयाची ओळख पटावी असेच हे पत्र आहे.

यानंतर वर्ग पांगला. वेस्टफालेन पुढे अमेरिकेत टेक्सासला गेला आणि परत आला. जे गुरुपदास पोहोचले, त्यांनी खेड्यातील धर्मगुरूचे जे आयुष्य असते तेच पत्करले: बाप्तिस्मा, लग्न, आजाऱ्यांना अभ्यंग, मृतांना मूठमाती, आणि नोंदवहीत सही. अशा आयुष्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही. आम्ही त्याच पंथाचे वाटसरू असल्याने त्याची खंत करीत नाही.

मार्क्सच्या आयुष्यात मात्र द्राक्षमळे परत आले. कोलोन येथे वृत्तपत्राचा संपादक असताना, जानेवारी १८४३ मध्ये, त्याने मोझेलच्या मळेवाल्यांच्या हलाखीवर लेखमाला लिहिली. ‘शेतकऱ्यांचे रडगाणे’ म्हणून सरकार जे झटकून टाकीत होते, ते त्याने आकडे व कागदपत्रांसह मांडले. लवकरच त्या पत्रावर बंदी आली. आर्थिक प्रश्नांकडे आपण प्रथम वळलो ते या व जंगलातील लाकूडफाट्याच्या प्रश्नामुळे, असे त्याने १८५९ मध्ये स्वतःच नमूद केले आहे. म्हणजे ज्या घरांतून त्याचे सहाध्यायी आले, त्या घरांच्या दुःखानेच त्याच्या पुढील विचारांना वळण दिले.

परंतु याच मार्क्सने उतारवयात मित्र एंगल्सला लिहिलेल्या एका पत्रात, ट्रियरच्या शाळेत शिष्यवृत्ती घेऊन सेमिनरीची तयारी करणाऱ्या शेतकरीपुत्रांचा उल्लेख तुच्छतेने, अडाणी पोरे अशा अर्थाने केला आहे. मानवजातीवर प्रेम करणे सोपे. बाकावरच्या सोबत्यावर करणे कठीण. हा टोमणा आम्ही केवळ मार्क्सला मारीत नाही. कारण दुसरी बाजू आमची आहे, आणि ती अधिक लाजिरवाणी आहे.

आमची बाजू

मळ्यांतून आणि कारखान्यांतून उठणारा तो आक्रोश ख्रिस्तसभेने केव्हा ऐकला? काहींनी लवकर ऐकला. १८४८ मध्ये, साम्यवादी जाहीरनामा निघाला त्याच वर्षी, केटेलर या धर्मगुरूंनी माइन्झच्या महामंदिरात सामाजिक प्रश्नावर प्रवचने दिली. पुढे तेथील बिशप या नात्याने १८६४ मध्ये त्यांनी कामगारांच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. परंतु पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक १५ मे १८९१ रोजी निघाले. ट्रियरच्या त्या परीक्षेनंतर छप्पन्न वर्षे लोटली होती आणि मार्क्सच्या मृत्यूलाही आठ वर्षे झाली होती.

त्या विलंबाची किंमत शेजारच्या बेल्जममधील एका मुलाला कळली. योसेफ कार्डाइन याचा जन्म १८८२ चा. तो सेमिनरीत गेला आणि त्याचे शाळासोबती कारखान्यांत. सुटीत घरी आल्यावर तो जुन्या मित्रांकडे गेला, तेव्हा ते त्याला परका, मालकांच्या पक्षाला मिळालेला मानू लागले होते. एकाच बाकावरची मुले काही वर्षांतच शत्रू कशी झाली, हा प्रश्न त्याने उरी बाळगला. गुरुदीक्षेनंतर त्याने आपले आयुष्य तरुण कामगारांना वाहिले आणि १९२५ मध्ये ‘तरुण ख्रिस्ती कामगार’ ही चळवळ उभी केली. पाहा, पारखा आणि कृती करा, ही त्याची त्रिसूत्री आपल्याकडील युवाशिबिरांतही शिकविली जाते. १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना कार्डिनलपद दिले.

आणि ट्रियरची ती शाळा? १८९० मध्ये ट्रियर येथे जन्मलेले ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉयनिंग हे याच शाळेचे विद्यार्थी. ते येशूसंघीय धर्मगुरू झाले. पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या ‘क्वाड्राजेसिमो आन्नो’ या सामाजिक परिपत्रकाचा मसुदा प्रामुख्याने त्यांनी सिद्ध केला. मार्क्सचे सिद्धान्त त्यांनी नाकारले. परंतु त्याचे ऋण मान्य करण्याचे टाळले नाही. १९९१ मध्ये, ‘रेरुम नोव्हारुम’च्या शताब्दीच्याच वर्षी, एकशे एक वर्षांचे होऊन ते निवर्तले. शाळा आपली परीक्षा कधी कधी अशी शंभर वर्षांनी उत्तीर्ण होते.

५ मे २०१८ रोजी, मार्क्सच्या जन्माच्या द्विशताब्दीला, चीनने भेट दिलेला त्याचा भव्य पुतळा ट्रियरमध्ये उभा राहिला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेव्हा ‘रेरुम नोव्हारुम’चे स्मरण हे त्यामागील एक प्रमुख कारण असल्याचे त्यांनी सांगितले. हा वाद अद्याप संपलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

आपल्या वर्गांविषयी

वाचकहो, आपल्या समाजात शाळांचे रौप्य व सुवर्ण महोत्सव उत्साहाने साजरे होतात. स्मरणिका निघतात. त्यांत डॉक्टर, अभियंते, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि परदेशी स्थायिक झालेले माजी विद्यार्थी यांची छायाचित्रे असतात. जे दहावीला अडखळले, जे वडिलांच्या वाडीत राबले, ज्यांनी पहाटेच्या लोकलने भाजी आणि फुले मुंबईच्या बाजारात नेली, ते त्या पानांत क्वचितच दिसतात. आमचे म्हणणे एवढेच की, त्यांच्याही आठवणी लिहून घ्याव्यात, आणि शाळा सोडताना त्यांनी काय स्वप्न पाहिले होते, हे त्यांना विचारावे. पुढच्या इतिहासकाराला त्याचा उपयोग होईल. आपल्याला तर आजच होईल.

दुसरी विनंती पालकांस व शिक्षकांस. यंदाच्या दहावीच्या मुलांनी ‘मी कोण होणार?’ लिहिले, तर त्या वह्या रद्दीत देऊ नका. आणि गुण देताना एक प्रश्न तोंडी जरूर विचारा: तुझ्या बाकावर शेजारी कोण बसतो, आणि तुझ्या या भविष्यात त्याला जागा आहे काय? द्राक्षवेलीच्या दृष्टान्तात प्रभूने फाट्यांना वेलीस धरून राहण्यास सांगितले, आणि त्याच अध्यायात एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा दिली. त्या परीक्षेसाठी नेमलेला उतारा पंधराव्या अध्यायाच्या पहिल्या ओवीपासून चौदाव्या ओवीपर्यंत होता. प्रीतीची ती आज्ञा बाराव्या ओवीत आहे. तिचे उत्तर तीन तासांत लिहून होत नाही. त्याला आयुष्य लागते.