छायाचित्रावरची सही : आद्य वैमानिकांच्या मागावर



आद्य वैमानिकांची स्वाक्षरीयुक्त छायाचित्रे जमविण्याच्या माझ्या छंदाचा आरंभ एका फसगतीने झाला. उमेदीच्या वयात एका विक्रेत्याकडून मी लुई ब्लेरिओचे सहीचे पोस्टकार्ड घेतले. २५ जुलै १९०९ रोजी अवघ्या २५ अश्वशक्तीच्या यंत्रावर विसंबून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या पुरुषाचे हस्ताक्षर आपल्या घरी आहे, या धुंदीत काही महिने गेले. मग एके दिवशी भिंग लावले. सहीची रेघ बारीक ठिपक्यांची निघाली. ती चित्राबरोबरच छापलेली होती. लेखणीची शाई कागदावर ओघळते, रेघ रेघेला छेदते तेथे गडद होते. इतके साधे ज्ञान मला पदरच्या पैशाने मिळाले!

त्या काळी अशी कार्डे भरमसाट छापली जात. दुर्मीळ असते ती सही. आणि ती का दुर्मीळ, यातच खरा इतिहास आहे. विल्बर राइट १९१२ साली विषमज्वराने गेला, ऑर्विल १९४८ पर्यंत जगला. म्हणून थोरल्याची सही धाकट्याच्या सहीपेक्षा कितीतरी विरळा. जॉर्ज चावेझने २३ सप्टेंबर १९१० रोजी आल्प्स ओलांडला, पण दोमोदोसोला येथे उतरताना विमान कोसळले आणि चार दिवसांनी त्याचा अंत झाला. त्या पराक्रमानंतर सही करावयास त्याला उरले ते चार दिवस, तेही रुग्णशय्येवरचे.

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध आला तो १८ फेब्रुवारी १९११ रोजी, तेव्हाच्या अलाहाबादेत. तेथील प्रदर्शनाच्या निमित्ताने आंरी पेके या तेवीस वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनीस नेली. जगातील ही पहिली अधिकृत विमानटपाल. त्या टपालातील मोजक्या चित्रकार्डांवर पेकेने स्वतः सही केली. चित्र, हस्ताक्षर आणि टपालाचा खास शिक्का एकाच कागदावर! इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी काय मागावे? असे एक कार्ड एका संग्राहकाच्या घरी मी क्षणभर हातात धरले. विकत घेण्याची ऐपत नव्हती, आणि तो विकणारही नव्हता.

माझे ब्लेरिओचे कार्ड मी शाळेच्या इतिहासकक्षाला दिले आहे. त्याखालच्या चिठ्ठीवर ‘सही छापील’ असे लिहावे, एवढी अट घातली आहे. शेजारी एक भिंगही ठेविले आहे.