घटकराज्याचे मत आणि संसदेची सत्ता

संघराज्य म्हटले की केंद्राची खाती कोणती व राज्यांची कोणती, याचीच चर्चा बहुधा होते. परंतु त्याहून मूलगामी प्रश्न निराळा आहे. राज्याच्या सीमा, किंबहुना राज्याचे अस्तित्वच, कोणाच्या हाती असावे? अमेरिकेच्या घटनेप्रमाणे एखाद्या राज्याच्या हद्दीत नवे राज्य काढावयाचे, तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात संमतीची अट नाही. राष्ट्रपतींनी विधेयक विधिमंडळाकडे धाडावे आणि मुदतीत त्याचे मत मागवावे, एवढेच. ते मत मानण्याचे बंधन संसदेवर नाही.

संमती आणि मत यांतील अंतर किती, हे १९५६ साली महाराष्ट्राला कळून चुकले. राज्य पुनर्रचनेच्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते व विधिमंडळापुढे आले ते हेच विधेयक. संसदेने मात्र त्यात बदल करून तिन्हींचे एक द्वैभाषिक राज्य केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते अस्तित्वात आले. ज्या योजनेवर विधिमंडळाचे मत घेतलेच नाही ती वैध कशी, हा प्रश्न बाबूलाल पराते यांनी न्यायालयात नेला. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विधेयक एकदा धाडले म्हणजे पुरे. संसदेतील प्रत्येक दुरुस्ती पुन्हा धाडण्याचे कारण नाही.

न्यायालयात जे साधले नाही ते मतपेटीने साधले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत व पश्चिम महाराष्ट्रात मोठे यश मिळविले. अखेर त्याच संसदेने त्याच अनुच्छेदाच्या आधारे द्वैभाषिक मोडले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली.

म्हणून हा अधिकार चांगलाच, असे म्हणावे काय? २०१४ साली आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळले, तरी तेलंगण झाले. २०१९ साली जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, तेव्हा तेथे विधानसभाच नव्हती. तिच्या वतीने मत दिले ते संसदेनेच. आपल्या मनासारखे घडले म्हणून एखाद्या सत्तेची थोरवी गाणे सोपे असते. ती सत्ता आपल्या विरुद्ध वापरली गेली तर आपण काय म्हणू, याचा विचार नागरिकाने आधीच करून ठेवावा.