बॉटलब्रशच्या झाडाखाली

वर्षानुवर्षे लढायांच्या सनावळ्या शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला एका तणनाशकाचा इतिहास सांगण्याचा मोह व्हावा, हे जरा चमत्कारिकच. पण तो इतिहास आहेच तसा.

१९७७ साली कॅलिफोर्नियातील स्टॉफर कंपनीच्या एका शास्त्रज्ञाला बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसे उगवत नसल्याचे दिसले. (तांबड्या ब्रशासारख्या फुलांचे हे झाड आपल्याकडेही बागांतून दिसते.) त्या झाडातील द्रव्याच्या धर्तीवर नवी तणनाशके घडवली गेली. नायटिसिनोन हे त्यांच्यापैकी एक. ते पोटात गेलेल्या उंदरांच्या डोळ्यांत फूल पडले. रक्तात पाहावे तो टायरोसीन भरमसाट वाढलेले!

टायरोसीन हे अमिनो अम्ल आपल्याला दूध, डाळ, मांस यांतून मिळते. जादा झालेले टायरोसीन यकृत पाच पायऱ्यांनी मोडते आणि प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम राबत असते. तणनाशकाने दुसऱ्या पायरीवरचे एन्झाइम बंद पाडले होते.

इकडे स्वीडनमध्ये, गोटेनबर्गला, स्वेन लिंडस्टेट एका जन्मजात रोगाच्या मागे लागले होते. त्या रोगात पाचवे एन्झाइम नसते. मोडता मोडता अर्ध्यावर तुंबलेल्या द्रव्यांची विषे होतात आणि तान्ह्या मुलाचे यकृत नासते. पथ्याने भागत नसे. दुसऱ्याचे यकृत बसवणे हाच काय तो उपाय. लिंडस्टेट यांनी विचार केला, पाचवी पायरी दुरुस्त करता येत नाही, तर दुसरीच का अडवू नये? विष तयारच होणार नाही. रोग्याचे धडधाकट एन्झाइम मुद्दाम निकामी करण्याची ही कल्पना मला विलक्षण धाडसाची वाटते.

१९९१ साली पहिल्या मुलाला ते दिले गेले. आईबापांपुढे ‘तणनाशक’ हा शब्द कोणी, कसा उच्चारला असेल? कादंबरीकाराचे मन तिथेच घुटमळते. १९९२ साली पाच रोग्यांची हकीकत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, त्यांची प्रकृती सुधारली होती. २००२ साली अमेरिकेने औषधाला मान्यता दिली.

आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ साली ज्या अल्काप्टोन्यूरियावर लिहिले, त्यात तिसरी पायरी तुटलेली असते. लघवी काळी पडते, म्हातारपणाआधीच सांधे झिजतात. त्या प्रौढ रोग्यांसाठीही २०२० साली युरोपात हेच औषध मान्य झाले.

मात्र दुसरी पायरी अडली की टायरोसीन साचतेच. म्हणून ही मुले मोठी झाली तरी डाळ-दूध मोजूनमापून घेतात, आणि डॉक्टर त्यांचे डोळे तपासत राहतात.