दोष डायचा नव्हता

एचएसआर लेआउटमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कर्नलसाहेब राहतात. मुलगा ऑस्ट्रेलियात नेमबाजी करतो; थ्री नॉट थ्रीची काडतुसे स्वतः पुन्हा भरतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्याची तक्रार आली : "अंकल, डाय जुनी घेतली. तीन-चारदा भरली की पुंगळी बुडापाशी तुटते."

पुंगळीवर उभे ओरखडे असते, तर डायच्या आत पितळ चिकटलेय म्हटले असते. तसे नव्हते.

ब्रिटिश फौजेने हे काडतूस 1888 साली स्वीकारले. पुढे खंदकांतल्या चिखलातही ते अडू नये म्हणून ली-एनफिल्डचा चेंबर ऐसपैस ठेवला गेला. फायर होताच पुंगळी ताणते, डाय तिला पुन्हा दाबते. वाकवून-वाकवून तार तुटावी, तसे बुडाजवळचे पितळ तुटते. फौजेला फिकीर नव्हती. 1869 पासूनचा खडकीचा कारखाना नवी काडतुसे देई. रेंजवर आम्ही खोखे मोजून जमा करतो, भरत नाही.

त्याला म्हटले, "डाय पूर्ण खाली बसवू नकोस, खांदा गरजेपुरताच दाब. बुडाजवळ चकाकती रेघ दिसली, तर पुंगळी टाकून दे."

खंदकात जवानाला तारणारी ढिलाई पोराच्या डोळ्यांवर बेतू नये.